डिस्कस पाळायचाय? अ‍ॅमेझॉनच्या नदीतला घ्यायचा की फार्ममध्ये जन्मलेला?

फिश टँकचे रील्स बघत असाल तर हा मासा तुमच्या फीडमध्ये एकदा तरी येऊन गेला असणार. ताटासारखा गोल, समोरून बघितला तर पापडासारखा चपटा, लाल-केशरी-निळ्या रंगाचा आणि पाण्यात अगदी तोऱ्यात, संथ फिरणारा. नाव डिस्कस. थाळीफेकीतल्या थाळीला इंग्रजीत जे म्हणतात, तेच.

हौशी मंडळी त्याला गोड्या पाण्यातल्या शोभेच्या माशांचा राजा म्हणतात. आणि हा राजा घरी आणायचं ठरवलं की पहिला वाद सुरू होतो तो त्याच्या जन्मस्थानावरून. वाइल्ड घ्यायचा, म्हणजे अ‍ॅमेझॉनमधून पकडलेला, की ब्रीड केलेला, म्हणजे फार्ममध्ये जन्मलेला?

एक बाजू म्हणते, नदीतला मासा तोच खरा, बाकी सगळे रंगवलेले फुगे. दुसरी बाजू म्हणते, हजारो किलोमीटर लांबच्या जंगलातून मासा उचलून आणणं हेच मुळात चूक. गंमत म्हणजे दोन्ही बाजूंचं म्हणणं अर्धं अर्धंच बरोबर आहे. कसं, ते समजून घेऊ.

हा मासा मुळात राहतो कुठे?

डिस्कस फक्त अ‍ॅमेझॉन नदीच्या खोऱ्यात सापडतो. ऑस्ट्रियाचे योहान नाटरर यांनी ब्राझीलमधून गोळा करून पाठवलेल्या नमुन्यावरून योहान याकोब हेकेल यांनी १८४० मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. तो नमुना रिओ नेग्रो नदीतला होता. त्या जातीला आजही हेकेल डिस्कस असंच म्हणतात.

रिओ नेग्रो म्हणजे काळी नदी. तिचं पाणी घाण नाही, पण रंग मात्र कोऱ्या चहासारखा. कारणही चहासारखंच. जंगलातला पालापाचोळा त्या पाण्यात मुरत राहतो आणि त्यातला अर्क पाण्यात उतरतो. खालची जमीन रेताड, क्षार जवळपास नाहीतच. त्यामुळे या पाण्याचा पीएच ४ ते ५ च्या आसपास असतो. पीएच ७ म्हणजे ना आम्ल, ना अल्कली. आणि हे मोजमाप असं आहे की एक अंक खाली गेला की आम्लता दहापट वाढते. म्हणजे पीएच ५ चं पाणी ७ च्या पाण्यापेक्षा शंभरपट आम्ल.

या नदीची पातळी वर्षभरात सुमारे १० मीटरने वरखाली होते. म्हणजे तीन मजली इमारतीएवढी. पाणी चढलं की आसपासचं जंगल बुडतं आणि मासे झाडांच्या फांद्यांमध्ये शिरतात. डिस्कसचा तो चपटा आकार इथे कामाला येतो. फांद्या-मुळांच्या फटींतून सरकायला सोपं, आणि अंगावरचे उभे काळे पट्टे फांद्यांच्या सावल्यांमध्ये मिसळून जातात.

सगळे वाइल्ड डिस्कस मात्र एवढ्या आम्ल पाण्यातले नसतात. पश्चिमेकडे तेफेच्या बाजूला हिरवट छटेचे मिळतात, आणि निळे-तपकिरी प्रकार इतर, तुलनेने कमी आम्ल पाण्यातही राहतात. त्यामुळे ‘वाइल्ड आहे’ एवढ्याने काही कळत नाही. कुठल्या नदीतला, हा पुढचा प्रश्न विचारावाच लागतो.

नदीतला मासा पकडतात कसा?

मोठ्या जाळ्याने खरवडून नाही. पाणी ओसरायला लागलं की डिस्कस किनाऱ्याजवळ पाण्यात पडलेल्या झाडांच्या फांद्यांमध्ये गोळा होतात. मच्छीमार रात्री छोट्या होडीतून टॉर्च घेऊन जातात आणि हातजाळीने एकेक मासा उचलतात. कधी पडलेल्या झाडाभोवती जाळं लावून, फांद्या बाजूला काढून मासे वेचतात. काम कष्टाचं आणि बरंचसं हातानेच होणारं.

रिओ नेग्रोच्या काठावरचं बार्सेलोस हे गाव या धंद्यासाठी जगभर ओळखलं जातं. तिथे शोभेच्या माशांचा उत्सव भरतो आणि त्यात दोन गट एकमेकांसमोर उभे राहतात. एक कार्डिनल टेट्रा या छोट्या माशाचा, दुसरा डिस्कसचा. गावाची ओळखच माशांवर उभी आहे, म्हणजे बघा.

बार्सेलोसहून मासे बोटीने मनाउस शहरात, तिथून विमानाने परदेशात, मग आयातदार, मग दुकान. या सगळ्या प्रवासात मासा अनेकदा पाणी बदलतो, उपाशी राहतो, जाळीत-पिशवीत घासला जातो. दुकानात पोचलेला वाइल्ड डिस्कस हा आधीच दमलेला मासा असतो. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

मग ते लाल-केशरी डिस्कस आले कुठून?

नदीतून नाही, एवढं नक्की. नदीतला डिस्कस तपकिरी, निळसर, हिरवट असतो. अंगावर निळ्या रेघा आणि साधारण नऊ काळे उभे पट्टे. रीलमध्ये दिसणारे भडक रंग माणसाने पिढ्यानपिढ्या निवड करून आणलेले आहेत.

पण हे सोपं नव्हतं, कारण डिस्कसची पिल्लं इतर माशांसारखी वाढत नाहीत. अंड्यातून बाहेर येऊन पोहायला लागली की ती थेट आईबापांच्या अंगाला चिकटतात आणि त्यांच्या त्वचेवर तयार होणारा बुळबुळीत स्राव खातात. आई आणि बाप दोघंही हे ‘दूध’ पाजतात, आणि एकमेकांकडे पिल्लं सोपवून पाळी बदलतात. साधारण तीन आठवड्यांनी पालक त्यांना टाळायला लागतात आणि पिल्लं बाहेरचं खाणं शोधतात. त्यामुळे आईबाप घाबरले, आजारी पडले किंवा पाणी बिघडलं की अख्खी वीण जाते.

अमेरिकेतले जॅक वॅटली आणि जर्मनीतले डॉ. एडुआर्ड श्मिट-फोके ही या क्षेत्रातली सुरुवातीची मोठी नावं. वॅटलींचे निळसर ‘टर्क्वाइज’ डिस्कस जगभर गाजले. पुढे थायलंड, मलेशिया, सिंगापूर इथल्या फार्म्सनी हा धंदा मोठा केला. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बँकॉकमधून ‘पिजन ब्लड’ हा प्रकार आला आणि चित्रच पालटलं. या माशाच्या अंगावर काळे पट्टेच नाहीत. पार्श्वभूमी पिवळसर-केशरी. आजचे कितीतरी लाल, पांढरे, ठिपकेदार प्रकार त्याच्याच वंशातले.

पट्टे जाण्याची किंमतही आहे. डिस्कस घाबरला, चिडला किंवा जोडी जमवत असला की त्याचे पट्टे गडद-फिके होतात. ती त्याची भाषा आहे. पट्टेच नसलेल्या माशाचा मूड ओळखणं पाळणाऱ्यालाही अवघड जातं. पिल्लं वाढवताना पालकांचा रंग गडद होतो. पिजन ब्लडमध्ये तसं होत नाही, त्यामुळे पिल्लांना पालक सापडायला त्रास होतो, हा अनेक ब्रीडर्सचा अनुभव.

आपल्याकडे चेन्नईचं कोळत्तूर शोभेच्या माशांच्या ब्रीडिंगसाठी प्रसिद्ध आहे. मुंबईत कुर्ल्याच्या बाजारात किंवा तुमच्या शहरातल्या दुकानात जे डिस्कस दिसतात, ते बहुतेक करून ब्रीड केलेलेच असतात, देशातले किंवा थायलंड-मलेशियाकडून आलेले.

खरा फरक रंगाचा नाही, पाण्याचा आहे

आता मुद्द्याचं. फार्ममधल्या डिस्कसच्या अनेक पिढ्या साध्या पाण्यात वाढल्या आहेत. पीएच ६.५ ते ७.५, मध्यम क्षार, तापमान २८ ते ३० अंश, आणि मुख्य म्हणजे स्वच्छ, स्थिर पाणी एवढं मिळालं की तो खूश. त्याच्यासाठी पाण्याचा आकडा परफेक्ट असण्यापेक्षा तो रोज सारखा असणं जास्त महत्त्वाचं.

वाइल्ड हेकेलला मात्र खूप हलकं, आम्ल पाणी लागतं. त्यासाठी आरओचं पाणी, पानांचा अर्क, रोजची मोजमापं असा सगळा कारभार आला. आणि इथेच एक सापळा आहे, जो बऱ्याच जणांना माहीत नसतो.

मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. अमोनिया विषारी. नेहमीच्या टँकमध्ये फिल्टरमधले जिवाणू त्याचं रूपांतर करून टाकतात. पण पीएच ६ च्या खाली गेला की हे जिवाणू सुस्तावतात, ५ च्या आसपास जवळपास थांबतात. मग मासे जगतात कसे? कारण आम्ल पाण्यात अमोनिया ‘अमोनियम’ या तुलनेने निरुपद्रवी रूपात राहतो. म्हणजे विष साठत असतं, पण कुलूपबंद.

आता समजा एखाद्या रविवारी तुम्ही अर्धं पाणी काढून त्यात पीएच ७.५ चं नळाचं पाणी भरलंत. पीएच झटकन वर जातो, कुलूप उघडतं आणि साठलेलं सगळं अमोनियम पुन्हा अमोनिया होऊ लागतं. काही तासांत मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकायला लागतात. पाणी तर स्वच्छच बदललं होतं, मग मासे मेले कसे, असा प्रश्न पडतो. उत्तर हे आहे.

म्हणून आधी आपल्या घरातलं पाणी तपासा. मुंबईचं पाणी भातसा, वैतरणा, तानसा अशा जलाशयांतलं, म्हणजे पावसाचं. त्यात क्षार कमी असतात. तेच तुम्ही बोअरवेलवर अवलंबून असलेल्या भागात राहत असाल तर बेसॉल्ट खडकातून आलेलं ते पाणी चांगलंच क्षारयुक्त असू शकतं. तुमच्या बादलीवर, गीझरवर पांढरा थर बसत असेल तर वेगळी टेस्ट करायचीही गरज नाही. अशा घरात वाइल्ड हेकेल ठेवायचा म्हणजे आयुष्यभर पाण्याशी कुस्ती.

तापमानाचंही तसंच. २८ ते ३० अंश म्हणजे आपल्या उन्हाळ्यात फुकट मिळतं, पण नाशिक किंवा पुण्याच्या थंडीत हीटरशिवाय नाही. तुमच्याकडे तासन्‌तास वीज जात असेल तर बॅकअपचा विचार आधी करा, माशाचा नंतर. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. त्यामुळे एअर पंप बंद पडला तर थंड पाण्यातल्या माशांपेक्षा डिस्कस लवकर अडचणीत येतो.

आजार कुणाला जास्त?

वाइल्ड माशाच्या पोटात आणि कल्ल्यांवर परजीवी असणं ही सामान्य गोष्ट आहे. आतड्यातले जंत, पट्टकृमी, कल्ल्यांवरचे फ्लूक्स. नदीत मासा यांच्यासकट जगतो. पण दमलेला, उपाशी मासा छोट्याशा टाकीत आला की तेच परजीवी जोर करतात. म्हणून वाइल्ड मासा चार ते सहा आठवडे वेगळ्या टाकीत ठेवणं आणि गरजेप्रमाणे उपचार करणं हा पर्याय नाही, नियम आहे.

मग फार्मवाला मासा निरोगी? तसंही नाही. गर्दीच्या टाक्यांमध्ये वाढलेल्या डिस्कसमध्ये तेच फ्लूक्स, तेच आतड्यातले परजीवी सर्रास दिसतात. शिवाय दोन फार्मी आजार वेगळे. एक म्हणजे खुंटलेली वाढ. लहानपणी खाणं किंवा पाणी कमी पडलं की अंग वाढत नाही, डोळे मात्र मोठे दिसतात. असा मासा नंतर कितीही खाऊ घातलं तरी गोल होत नाही. दुसरं म्हणजे हॉर्मोन. दोन-अडीच इंचांच्या पिल्लाच्या अंगावर पूर्ण वाढलेल्या माशासारखे झगमगीत रंग दिसले तर शंका घ्या. काही ठिकाणी हॉर्मोन देऊन रंग लवकर आणतात. तो रंग नंतर उतरतो, आणि मासा वांझ निघण्याची शक्यता असते.

आणखी एक. वाइल्ड आणि ब्रीड केलेले डिस्कस थेट एका टँकमध्ये कधीही सोडू नका. दोघांनी वेगवेगळे जंतू पचवलेले असतात. एकाला न बाधणारा जंतू दुसऱ्याला आडवा करू शकतो.

नदीतून मासा पकडणं चूक नाही का?

हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही.

१९८९ मध्ये निंग लॅबिश चाओ या संशोधकाने बार्सेलोस परिसरात ‘प्रोजेक्ट पियाबा’ सुरू केला. त्यांचं म्हणणं साधं होतं: मासा विकत घ्या, झाड वाचवा. म्हणजे काय, तर जोवर बुडीत जंगलातल्या माशांवर गावाचं पोट चालतं, तोवर त्या जंगलाची राखण गावच करेल. मासे गेले तर लोक लाकूडतोड, सोन्याच्या खाणी अशा कामांकडे वळतील आणि जंगल जाईल. २०१४ मध्ये रिओ नेग्रोच्या शोभेच्या माशांना जीआय मानांकनही मिळालं. आपल्या कोल्हापुरी चपलेला आहे, तसंच.

पण आशिया-युरोपातल्या फार्म्समध्ये कार्डिनल टेट्राची पैदास व्हायला लागली आणि नदीतल्या माशांची मागणी घटली. म्हणजे आपण ‘ब्रीड केलेलाच घेऊ, निसर्ग वाचेल’ म्हणून जो मासा घेतो, त्याने त्या गावातल्या मच्छीमाराचं उत्पन्न कमी होतं. निसर्ग वाचतोच असं नाही.

तरी एक फरक विसरायला नको. कार्डिनल टेट्रा हा नदीत जेमतेम वर्षभर जगणारा मासा आहे. पाणी ओसरलं की त्यातले असंख्य तसेही मरतात, त्यामुळे त्यांना पकडल्याने फारसं बिघडत नाही. डिस्कस अनेक वर्षं जगतो, एका वेळी थोडीच पिल्लं वाढवतो. टेट्राला लागू होणारं गणित डिस्कसला जसंच्या तसं लावता येत नाही.

त्यात हवामानही बदलतंय. २०२३ मध्ये मनाउसजवळ रिओ नेग्रोची पातळी शंभराहून जास्त वर्षांच्या नोंदींमधली सर्वांत खाली गेली. २०२४ मध्ये तोही विक्रम मोडला. २०२३ च्याच दुष्काळात तेफेच्या सरोवराचं पाणी ३९ अंशांच्या पुढे तापलं आणि शंभराहून जास्त नदी-डॉल्फिन मेले. हेच ते तेफे, जिथून हिरवे डिस्कस येतात. म्हणजे डिस्कसच्या घराला मोठा धोका मच्छीमाराच्या हातजाळीचा नाही, आटणाऱ्या आणि तापणाऱ्या पाण्याचा आहे.

मग तुम्ही कोणता घ्यायचा?

पहिल्यांदाच डिस्कस पाळत असाल तर उत्तर स्पष्ट आहे: ब्रीड केलेला, शक्यतो आपल्या शहरात किंवा जवळपास वाढवलेला. कारण नैतिकतेपेक्षा व्यवहाराचं आहे. जवळच्या ब्रीडरचं पाणी तुमच्या पाण्यासारखं असण्याची शक्यता जास्त, प्रवास कमी, आणि उद्या काही बिघडलं तर फोन करायला माणूस आहे. नवख्या हातात नदीतला मासा मेला तर त्यातून ना जंगल वाचतं, ना कुणाचं शिक्षण होतं. ती जागा भरायला आणखी एक मासा पकडला जातो, एवढंच.

वाइल्डचा विचार कधी करावा? किमान दोन वर्षं ब्रीड केलेले डिस्कस नीट सांभाळले असतील, आरओ आणि वेगळी क्वारंटाइन टाकी असेल, आणि विक्रेता मासा कुठल्या नदीतला, कधी आला, काय खातो हे सांगू शकत असेल तर. भारतात परदेशी मासे आणायला सरकारी परवानगी आणि आरोग्य प्रमाणपत्र लागतं. त्यामुळे ‘वाइल्ड आहे, बाकी विचारू नका’ म्हणणाऱ्याला नमस्कार करून बाहेर पडा. मधला मार्गही आहे: ‘एफ-वन’, म्हणजे वाइल्ड आईबापांची टाकीत जन्मलेली पिल्लं. रूप नदीचं, सवय टाकीची. फक्त हा शब्दही विक्रेते सढळ हाताने वापरतात, जमलं तर आईबाप बघायला मागा.

दुकानात काय बघायचं?

– मासा तुमच्यासमोर खातोय का? नसेल तर घेऊ नका. किंमत कितीही उतरवली तरी.
– अंग गोल आहे की लांबट? डोळे अंगाच्या मानाने मोठे वाटतायत का?
– कपाळ भरलेलं आहे की खोल गेलंय?
– दोन्ही कल्ले हलतायत ना? एकच कल्ला हलत असेल तर फ्लूक्सची शंका.
– विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी लोंबतेय का? आतड्याचा आजार असू शकतो.
– मासा काळवंडून कोपऱ्यात तोंड लपवून बसलाय का?

घेताना एकटा-दुकटा घेऊ नका. डिस्कस कळपात राहणारा मासा आहे. दोघंच ठेवले तर दुबळ्याचे हाल होतात. पाच-सहा एकत्र घ्या, तीन-चार इंचांचे घ्या. पूर्ण वाढल्यावर ते १५ ते २० सेंटिमीटरचे होतात, त्यामुळे दर माशामागे ४० लिटर धरून किमान २०० ते २५० लिटरचा टँक लागतो. आठवड्यातून दोन-तीनदा पाणी बदलायची तयारी ठेवा, क्लोरीन काढूनच. सोबतीला एंजल फिश ठेवायचा मोह टाळा, त्याच्याकडून डिस्कसला आजार लागू शकतात.

आणि जमलं नाही तर? होतं असं, नोकरी बदलते, घर बदलतं. अशा वेळी मासा ब्रीडरला किंवा दुसऱ्या हौशी माणसाला द्या. तलावात, नदीत सोडू नका. टँकमधून सोडलेल्या सकर माशाने भारतातल्या कितीतरी जलाशयांत ठाण मांडलंय, ते उदाहरण पुरेसं आहे.

हे सगळं वाचून डिस्कस झेपणार नाही असं वाटलं, तर त्यात कमीपणा काही नाही. पण झेपेल असं वाटत असेल तर मासा घेण्याआधी एक महिना रिकामा टँक चालवा. हीटर, फिल्टर, पाणी बदलणं, सगळं तसंच. महिनाभर पीएच आणि तापमान वहीत लिहून ठेवा. आकडे स्थिर राहिले तर दुकानात जा. जाताना ती वही सोबत न्या. चांगला ब्रीडर आधी ती बघेल, मग मासे दाखवेल.